टॅगवर ७ १/८, डोक्यावर मात्र घट्ट: जुनी फेल्ट हॅट पुन्हा पुन्हा का आवळते?

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. टॅगवरचा नंबर बघून जुनी हॅट घेतली, आपलं डोकं ५७ सेंमी, टॅगही ५७ चाच, पण हॅट कपाळावर रुतते. मग वाफ देऊन ताणली, दोन दिवस बरी बसली आणि आठवड्याभरात होती तशी झाली. पुन्हा वाफ, पुन्हा ताण. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आतल्या चामड्याला चीर जाते किंवा कड, म्हणजे हॅटचा बाहेरचा पसरट काठ, कायमची वाकडी होते.

टॅग खोटा नसतो. ती हॅट कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीचं ते माप असतं. त्यानंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांत हॅटमधल्या तीन गोष्टी आकसू शकतात: फेल्ट म्हणजे केस गुंतवून बनवलेलं हॅटचं जाड कापड, आतला चामड्याचा पट्टा म्हणजे स्वेटबँड, आणि बाहेरची रिबन. तिघांचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की नुकसान होतं. म्हणून काय आवळलंय हे कळेपर्यंत किटली पेटवू नका.

आधी नंबरांचा घोळ मिटवा

काही वेळा हॅट आकसलेली नसतेच, नंबर चुकीचा वाचलेला असतो. अमेरिकी आणि ब्रिटिश नंबरांत १/८ चा फरक आहे. अमेरिकी ७ म्हणजे ५६ सेंमी, तर ब्रिटिश ७ म्हणजे ५७. अमेरिकी ७ १/८ म्हणजे ५७, ७ १/४ म्हणजे ५८, ७ ३/८ म्हणजे ५९, ७ १/२ म्हणजे ६०. ब्रिटिश हॅटवर हेच आकडे प्रत्येकी एक सेंमी मोठे समजायचे. फ्रेंच पद्धतीचे नंबर दिसायला अगदी लहान असतात: ३ म्हणजे ५६, ३ १/२ म्हणजे ५७, ४ म्हणजे ५८. जुन्या इटालियन हॅटमध्येही ते सापडतात. म्हणून हॅट कुठल्या देशात बनली हे ठरवल्याशिवाय नंबराला अर्थ नाही.

अमेरिकी नंबर म्हणजे लांबी आणि रुंदीची इंचातली सरासरी. १/८ इंच व्यास वाढला की घेर जवळजवळ बरोबर १ सेंमी वाढतो, म्हणून एक नंबर म्हणजे एक सेंमी. हे लक्षात राहिलं की तक्त्याची गरज पडत नाही.

मोजायचं कसं

शिंप्याची कापडी टेप हॅटच्या आत नीट बसत नाही. ती पिळते आणि अर्धा सेंमी इकडेतिकडे होतो. जाड कागदाची दीड सेंमी रुंद, ६५ सेंमी लांब पट्टी कापा. हॅट उलटी धरा आणि पट्टी आत उभी बसवा, अगदी खाली, जिथे चामडं फेल्टला शिवलेलं आहे त्या रेषेवर. पट्टी आपोआप पसरून भिंतीला टेकते. टोकं एकमेकांवर येतात तिथे पेन्सिलीची खूण करा, पट्टी बाहेर काढून सपाट ठेवा आणि स्टीलच्या फूटपट्टीने मोजा. तीच पट्टी मग दोन सेंमी वर, कपाळ टेकतं त्या उंचीवर बसवून दुसरं माप घ्या.

शिवणीच्या रेषेवर माप कमी आणि वर जास्त आलं तर चामड्याचा खालचा काठ आवळलाय. दोन्हीकडे सारखंच कमी आलं तर फेल्टचाही संशय धरायचा.

शिवाय लांबी-रुंदी मोजा. आतून लांबी २० सेंमी आणि रुंदी १६.५ असेल तर सरासरी १८.२५, गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ५७.३ सेंमी. घेर बरोबर असूनही हॅट कपाळावर आणि मागे रुतत असेल, आणि कानशिलांपाशी मात्र बोट सहज आत जात असेल, तर डोकं लांबट आहे आणि हॅट गोलसर. ही आकाराची गडबड आहे, नंबराची नाही, आणि ताणून नंबर वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. काही जुन्या अमेरिकी हॅटच्या टॅगवर ‘लाँग ओव्हल’ असं छापलेलं सापडतं. लांबट डोक्याच्या माणसाने अशी हॅट दिसली की सोडू नये.

काय आवळलंय ते ओळखणं

हॅट सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे कडेच्या पातळीला आणा. पुढचं आणि मागचं टोक टेकलंय, दोन्ही बाजू खोगीरासारख्या वर उचलल्यात आणि बोटाने दाबलं की हॅट डुलते, असं दिसलं तर गुन्हेगार बहुतेक वेळा स्वेटबँडच असतो. कारण साधं आहे. हॅटची कड म्हणजे एक सपाट कडं. त्याचा आतला घेर आवळला आणि बाहेरचा होता तेवढाच राहिला, तर बाहेरची जास्तीची लांबी कुठेतरी मुरवावी लागते, आणि कडं खोगीरासारखं वळून ती मुरवतं. अनेकजण याला कडेचा दोष समजून कडेवर इस्त्री फिरवतात. कड त्या दिवशी सपाट होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलली जाते, कारण ओढणारं चामडं आत तसंच असतं.

आता स्वेटबँड हलक्या हाताने बाहेर उलटवा. कोरडा, कडक असेल तर पूर्ण उलटवू नका, बोटभर उघडून टॉर्च मारा. शिवणीजवळ फेल्टला बारीक चुण्या पडलेल्या दिसतात का? टाक्यांमधलं फेल्ट किंचित फुगलेलं आहे का? चुण्या असतील तर चामडं फेल्टपेक्षा जास्त आकसलंय. फेल्ट गुळगुळीत असेल आणि चामडंच सैल, लाटांसारखं झालेलं असेल तर उलट: फेल्ट आटलंय आणि चामडं त्यात मावत नाहीये.

तरीही शंका राहिली तर एक खात्रीची चाचणी आहे. स्वेटबँडची दोन टोकं जिथे जुळतात त्या मागच्या जोडाच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच-सहा सेंमी टाके बारीक कात्रीने उसवा. चामडं नाही, फक्त दोरा. उसवताच तिथल्या चुण्या मोकळ्या झाल्या आणि टेबलावरचं डुलणं थोडं कमी झालं, तर निदान पक्कं. काहीच बदललं नाही तर तेवढे टाके जुन्याच भोकांतून पुन्हा घालायला दहा मिनिटं लागतात.

रिबनही तपासा. तिच्याखाली नख सरकवून बघा. नख शिरत नसेल आणि रिबनच्या काठाशी फेल्टवर खोबण पडली असेल, तर रिबन आवळलीय. रेयॉनची रिबन एकदा भिजून वाळली की हमखास आवळते. ताणूनही हॅट जागची हलत नसेल तेव्हा बाहेरून रिबन धरून बसलीय का हे आधी बघावं. लोक हे विसरतात.

वाफेने बिघडतं ते का

फेल्ट म्हणजे एकमेकांत गुंतलेले केस, ससा किंवा बीव्हरसारख्या प्राण्याचे, नाहीतर लोकर. वाफ आणि उष्णतेने ही गुंतण सैल होते आणि आकार बदलता येतो. म्हणून फेल्टला वाफ चालते.

चामड्याचं उलट आहे. ओलं चामडं ठरावीक तापमानापलीकडे गेलं की त्यातले तंतू गोळा होतात आणि ते कायमचं आकसून कडक बनतं. वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं नवं, निरोगी चामडं ओलं असताना साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला ही मर्यादा गाठतं. अनेक वर्षं घाम प्यालेलं जुनं चामडं बरंच आधी गाठतं. किटलीची वाफ याहून कितीतरी गरम असते. म्हणजे हॅट सैल करायला आत वाफ सोडली की फेल्ट सैल होतं आणि चामडं आणखी आवळतं. दोन दिवस बरी, मग पुन्हा घट्ट, या फेऱ्याचं मूळ इथे आहे.

वाफ द्यायचीच तर बाहेरून, फेल्टवर. स्वेटबँड आत घडी करून त्यावर दुहेरी कोरडं सुती कापड धरा. किटलीच्या तोंडापासून १५ ते २० सेंमी अंतर, एका जागी ५-६ सेकंदांपेक्षा जास्त नाही, हात सतत फिरता. फेल्ट ओलसर आणि लवचिक झालं पाहिजे, पाणी टिपकता कामा नये.

इथे एक गंभीर सूचना. फरच्या फेल्टसाठी केस तयार करताना पूर्वी पाऱ्याचे क्षार वापरत. अमेरिकेत हा वापर डिसेंबर १९४१ मध्ये थांबला. त्याआधीच्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश उरलेला असू शकतो, आणि गरम केल्यावर तो हवेत यायला वाव मिळतो. जुन्या हॅटला वाफ देताना खिडक्या उघड्या ठेवा, नायट्राइलचे हातमोजे घाला, स्वयंपाकघरात हे काम करू नका. वय नक्की नसलेल्या, कुठल्याही देशातल्या हॅटला हाच नियम लावा.

स्वेटबँड वाचवण्यासारखा आहे का

इअरबडचं टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून जवळजवळ कोरडं होईल इतकं पिळा आणि मागच्या जोडाजवळ, चामड्याच्या आतल्या बाजूला टेकवा. डाग थोडा गडद होऊन वाळल्यावर निघून गेला तर चामड्यात जीव आहे. डाग काळा पडला, चिकट झाला किंवा वाळल्यावर तेवढीच जागा खडबडीत, कडक राहिली तर त्या पट्ट्याला पाणी लावायचं नाही. ताणायचाही नाही.

जीव असलेल्या चामड्याला लेदर कंडिशनर लावता येतं. स्वेटबँड बाहेर उलटवा, चामडं आणि फेल्ट यांच्यामध्ये ब्लॉटिंग पेपरची पट्टी सरकवा, बोटाच्या टोकावर येईल एवढंच कंडिशनर घेऊन फक्त दर्शनी बाजूला चोळा. एक दिवस उघडं ठेवा. दुसऱ्या दिवशी परत. तीन थर पुरतात. नीट्सफूट किंवा दुसरं कुठलंही पातळ तेल वापरू नका. ते शिवणीतून फेल्टमध्ये उतरतं, बाहेर रिबनच्या वर तेलकट पट्टा दिसतो आणि तो निघत नाही. कंडिशनरने चामडं मऊ होतं, लांब होत नाही. मऊ झाल्यावर ताणून पाच मिलिमीटर मिळाले तर पुष्कळ समजा.

ताणायला लाकडी हॅट स्ट्रेचर घ्या, मधे स्क्रू असलेला दोन तुकड्यांचा. तो पुढे-मागेच ताणतो, त्यामुळे हॅट किंचित लांबट होते. गोल डोक्याच्या माणसाने हे आधी धरून चालावं. स्ट्रेचर बसवून स्क्रू हाताला लागेपर्यंत फिरवा, मग अर्धा फेरा, बस्स. चोवीस तासांनी पाव फेरा. रोज पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. सगळ्यात आधी फाटतो तो मागचा उभा जोड, जिथे छोटी बो असते. तिथले टाके पांढरे, ताणलेले दिसू लागले की त्याच दिवशी थांबा. वाफ दिली असेल तर हॅट पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे कमीत कमी ४८ तास, स्ट्रेचर काढू नका. ओलसर असताना काढलेली हॅट वाळता वाळता परत जागेवर येते. हॅट पुन्हा आवळण्यामागचं दुसरं मोठं कारण हेच.

एका नंबरापेक्षा जास्त वाढवायची हॅट स्ट्रेचरचं काम नाही. ती ब्लॉकवर, म्हणजे डोक्याच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर, चढवावी लागते, त्यासाठी रिबन, अस्तर, स्वेटबँड सगळं उतरवावं लागतं आणि क्राउनच्या, म्हणजे हॅटच्या वरच्या भागाच्या, मूळ घड्याही जातात. नावाजलेल्या कारखान्याची चांगली हॅट असेल तर ते जाणत्या हॅटकारागिराकडे द्यावं.

उतरवण्याआधी चामड्याखाली बघा

स्वेटबँड काढायचा ठरला तरी त्याच्यामागे काय आहे ते आधी बघून फोटो काढून ठेवा. हॅटची ओळख तिथेच लपलेली असते. मागच्या जोडाजवळ नंबराचा कागदी टॅग, त्यावर बऱ्याचदा मॉडेलचा किंवा ऑर्डरचा आकडा. अमेरिकी हॅटमध्ये कामगार संघटनेचं लेबल: ‘युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका’ हे नाव १९३४ पर्यंतचं, त्या वर्षी संघटना दुसऱ्या संघटनेत मिसळली आणि नावात टोप्या आणि मिलिनरीचे, म्हणजे बायकांच्या हॅटचे, कामगार आले. लांबलचक नाव असेल तर हॅट १९३४ नंतरची. अस्तरावर दुकानाच्या पत्त्यात पाच आकडी पिनकोड असेल तर १९६३ नंतरची, कारण अमेरिकेत झिप कोड त्या वर्षी आले.

घट्ट हॅट बसवायला चामड्यामागे वर्तमानपत्राची घडी कोंबलेली सापडली की काढताना फाडू नका. त्यावरची तारीख हॅट केव्हा वापरात होती ते सांगते, केव्हा बनली ते नाही. घडी काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण आम्लयुक्त कागद चामड्याला खातो. आणि हो, नुसती ही घडी काढल्याने हॅट मापात आल्याची उदाहरणंही आहेत.

फेल्टमध्ये सुईच्या भोकांच्या दोन ओळी दिसल्या तर स्वेटबँड याआधीच एकदा बदललेला आहे. अशा वेळी चामड्यावरचा ठसा आणि अस्तरावरचं नाव जुळतं का ते बघा. जुळत नसेल तर त्या चामड्यावरचा नंबरही या हॅटचा नसू शकतो.

दुर्मीळ ठसा असलेला, मूळ, पण आकसलेला स्वेटबँड मी तरी काढणार नाही. ती हॅट घालायची नाही, जपायची.

नवा स्वेटबँड बसवणं

मागच्या जोडापासून दोरा कापत जा. जुना पट्टा सपाट करून ठेवा, रुंदीचा तोच नमुना. जुन्या पुरुषी हॅटमध्ये रुंदी साधारण साडेपाच ते सहा सेंमी असते. चामडं सुटलं की फेल्टला बाहेरून हलकी वाफ द्या आणि तासभर मोकळं सोडा. खोगीर झालेली कड बऱ्याचदा इथेच आपोआप बसते. मग फेल्टचा आतला घेर कागदी पट्टीने मोजा.

आता साधं गणित. जाडी १ मिमी वाढली की घेर ६.३ मिमी कमी होतो. नवं चामडं आणि खालची रीडची पट्टी (चामड्याच्या खालच्या काठाला शिवलेली, कापडात गुंडाळलेली बारीक कांडी) मिळून १ मिमी असेल, तर तयार हॅट ५७ हवी असेल तेव्हा फेल्टचा घेर ५७.६ च्या आसपास पाहिजे. फेल्ट ५७ च असेल तर तयार हॅट ५६.४ होईल आणि पुन्हा तीच तक्रार. पट्ट्याची लांबी फेल्टच्या आतल्या घेराएवढी ठेवा, ‘जरा घट्ट बसू दे’ म्हणून कमी करू नका.

पट्ट्यावर आणि फेल्टवर चार खुणा करा: मागे, पुढे, दोन बाजू. टाचण्या नको, चामड्याला भोकं कायमची राहतात. छोट्या क्लिपा लावा. शिवण मागून सुरू करा. सुई रीडच्या खालच्या कापडी पट्टीतून घालून फेल्टच्या जुन्याच भोकातून बाहेर, रिबनखाली लपेल अशी. टाके ४-५ मिमीचे. दोरा टेकेल इतकाच ओढा. ओढून घट्ट केलेले टाके स्वतःच फेल्ट गोळा करतात आणि नव्या चामड्यानेही कड उचलली जाते. प्रत्येक चतकोर झाला की हॅट टेबलावर ठेवून बघा. डुलायला लागली तर शेवटचे दहा टाके उसवा. पुढे जाऊन ते सुधारत नाही.

उलटी तक्रार: हॅट सैल

याला ताण नाही, भर लागते. स्वेटबँडच्या मागे सगळीकडून १.६ मिमी जाडीची पट्टी गेली की बरोबर एक नंबर कमी होतो. फेल्टची किंवा कॉर्कची पट्टी घ्या. चिकट फोम नको, काही वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो. लांबट हॅट आणि गोल डोकं असेल तर फक्त पुढे आणि मागे १०-१० सेंमीचे तुकडे, लांबट डोक्याला फक्त कानशिलांपाशी.

पुन्हा आवळू नये म्हणून

पाऊस लागला तर हॅट हीटरजवळ किंवा उन्हात ठेवू नका. स्वेटबँड बाहेर उलटवा आणि हॅट त्या उलटलेल्या चामड्यावरच उभी करा, कड अधांतरी. चामडं हवेत वाळतं, फेल्टचा ओलावा त्यात मुरत नाही आणि कडही चपटी होत नाही. बंद गाडीत मागच्या काचेशी ठेवलेली हॅट एका दुपारीत आटू शकते, आणि लोकरीचं फेल्ट फरच्या फेल्टपेक्षा लवकर. साठवताना ओलावा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत राहिला तर चामडं फार कोरडंही पडत नाही आणि बुरशीही धरत नाही.

विकत घेताना विक्रेत्याकडून टॅगचा फोटो मागून भागत नाही. हॅट टेबलावर ठेवून कडेच्या पातळीवरून समोरून आणि बाजूने काढलेले दोन फोटो, स्वेटबँड खाली ओढून शिवण दिसेल असा एक, आणि शिवणीच्या रेषेवर कागदी पट्टीने घेतलेलं माप मागा. चामड्याच्या वरच्या मोकळ्या काठावर टेप फिरवून सांगितलेला आकडा सेंमीभर जास्त येऊ शकतो.